पुढून वाकलेल्या गाडीतून सांगलीला

कंबरेच्या ऑपरेशननंतर सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वतःहून कुठे जायचं नाव काढलं ते पहिल्यांदाच. "कुसुमकडं जाऊन येऊ या का?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. कुसुम तिची धाकटी बहीण. सांगलीजवळ कृष्णाकाठी तिचं घर. तिचे गुडघे तिला साताऱ्याला येऊ देत नाहीत आणि हिची कंबर हिला सांगलीला जाऊ देत नाही. दोघी रोज फोनवर एकमेकींना वांग्यात काय घातलं ते सांगतात.

वाहन दारातच होतं. मुलाने पुण्यात जुनी घेतलेली मोठी एसयूव्ही, आईच्या कंबरेसाठी म्हणून आमच्याकडे आणून ठेवलेली. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी रबराचे हवा भरलेले फुगे आहेत. एअर सस्पेन्शन म्हणतात त्याला. खड्डा आला की मागचा भाग नावेसारखा अलगद झुलतो. पुढे मात्र साध्या लोखंडी स्प्रिंगा, आणि त्या वयाने बसलेल्या. त्यामुळे गाडी उभी असली तरी कुणाच्या तरी पाया पडत असल्यासारखी पुढून वाकलेली. शाळेत आम्ही कविता चालीवर म्हणायचो, तेव्हा ओळीच्या सुरुवातीलाच एक मात्रा कमी पडली की गुरुजी पेन्सिल टेबलावर ठोकून थांबवायचे. या गाडीकडे पाहिलं की मला ती पेन्सिल ऐकू यायची. सुमनला मात्र कविता सुचत नव्हती. पुढच्या सीटवर बसलं की ती हळूहळू पुढे घसरायची, पाय रेटून स्वतःला सावरायची आणि तो सगळा रेटा कंबरेत जायचा.

आमच्या गल्लीत यावर एकमताने उपाय निघाला. ट्रॉलीत मागे ऊस जास्त भरला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं, हे इथे पाळण्यातलं पोरही जाणतं. "मागं पोती टाका की काका, आपोआप लेवल हुतीया!" नाहीतरी बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? इंद्रायणी तांदळाची दोन पोती आणि शेंगांचं एक, असा आहेर आदल्या संध्याकाळी मागे चढवला. गाडी बसली. बाजूने पाहिलं तर सरळ रेघ! मी इतका हरखलो की सुमनला बाहेर बोलावून दाखवली. तीही हसली.

सकाळी निघालो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर धुक्याची शाल होती. माघातला उजेड दुधाच्या सायीसारखा असतो, हलवला तर मोडेल असा. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू असल्यामुळे जागोजागी रस्ता बाजूला वळवलेला आहे, तेव्हा नेहमीपेक्षा तासभर जास्त धरून चला. नागठाण्याच्या पुढे उसाच्या मोळ्यांनी लादलेले ट्रॅक्टर लागले. त्यांच्या टेपवरची गाणी आमच्या काचेतून आत येऊन मागे जात होती. मी मनातल्या मनात भुजंगप्रयाताच्या चालीवर चाकं मोजत होतो. शेजारी सुमन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, तीही बघतेय.

उंब्रज गेल्यावर ती म्हणाली, "आवं, मी परत घसराय लागलीय."

"पोती आहेत की मागे."

"पोती असतील. मी सीटवर न्हाई."

तासवड्याचा टोल ओलांडून कऱ्हाडात प्रीतिसंगमापाशी गाडी लावली. उतरून बाजूने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तीन पोती पोटात घेऊनही गाडीचं मागलं अंग पूर्वीइतकंच वर होतं. इंजिन सुरू झाल्यावर मागून येणारी ती बारीक घरघर मला सकाळी गोड वाटली होती. तो पंप होता! ओझं आलं की ही गाडी स्वतःच फुग्यांत हवा भरून मागची उंची पहिल्यासारखी करते. रात्री बंद होती म्हणून बसली, सकाळी जागी झाली आणि उठली. ट्रॉलीचं शहाणपण तिला लागू नव्हतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. मागे कितीही ओझं टाका, पुढचं नाक तेवढंच खाली राहणार.

घाटाच्या पायऱ्या उतरणं सुमनला शक्य नव्हतं. वरच्या कट्ट्यावर उशी ठेवून ती बसली. समोर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींत शिरत होत्या. इतर नद्या बाजूने येऊन मिळतात, या दोघी थेट गळ्यात पडतात. मी मिसळ आणली, तिने दोन घास खाऊन बाजूला ठेवली. चेहरा उतरला होता.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

"न्हाई. इथवर आलोय तर कुसुमला भेटते." नदीकडेच बघत ती पुढे म्हणाली, "पण येताना हे असंच असंल तर माझा गाडीचा नाद संपला. मग ती तिकडं, मी हिकडं. फोन हाय की."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. भाजीवाल्याला नको म्हणावं इतक्या सहज बोलली.

पेठनाक्याला महामार्ग सोडला. इस्लामपूर, आष्टा करत सांगलीकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस, मधेच हळदीची शेतं, गुऱ्हाळाच्या काहिलीचा तो जड गोड वास. एरवी मी या रस्त्यावर चार ओळी जुळवल्या असत्या. पण प्रत्येक गतिरोधकाला सुमनचा हात दारावरची मूठ घट्ट धरत होता आणि माझं लक्ष त्या हाताकडेच जात होतं.

कुसुम काठी टेकत अंगणात उभी होती. "आक्का, किती वाळलीस गं!" "आन् तू किती सुटलीस!" मग सुमनला आतल्या खोलीत गादीवर आडवं केलं आणि कुसुम तिच्या कंबरेला तेल लावत बसली. जेवायला कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, ज्वारीची भाकरी, दह्यात कालवलेला खर्डा. माझे साडू रावसाहेब पोती उतरवता उतरवता गाडीभोवती दोन चकरा मारून आले.

"पाव्हणं, ही अशी नाक घासत का उभी हाय? खाली काय हरवलंय का तिचं?"

मी सगळी हकीकत सांगितली. ते इतके हसले की पोतं भिंतीला टेकवून खाली बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "सकाळी मिरज रोडला जाऊ. आमचं हवालदार हायती. मिलिटरीच्या गाड्या उभ्या आयुष्यभर खोलल्यात."

दुसऱ्या दिवशी सुमनही बरोबर निघाली. "बसणार मी हाय, मग बघणार बी मीच," ती म्हणाली. त्यावर कुणाचं काय चालणार?

हवालदार म्हणजे पिळाच्या मिशांचे ताठ गृहस्थ. गॅरेजात पाने-पकडी परेडला उभ्या असल्यासारख्या ओळीत मांडलेल्या. त्यांनी गाडी आत घेतली, तोंड रस्त्याकडे करून उभी केली आणि दोन मार्ग सांगितले. एक, मागच्या उंचीच्या सेन्सरची दांडी फिरवून गाडीलाच फसवायचं, म्हणजे ती मागून खाली बसेल. "पण मग फुग्यांची मजा जाती. खड्ड्यात खालनं दणका बसंल." दुसरा मार्ग पुढचं उचलायचं. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावर, जिथे तो गाडीच्या अंगाला बसतो, तिथे धातूची जाड चकती घालायची. त्याला स्पेसर म्हणतात. स्प्रिंगा तुटलेल्या नसतील, नुसत्या बसल्या असतील, तर हे पुरतं. आम्ही दुसरा मार्ग धरला. मजुरीसकट आठ हजारांच्या आसपास गेले, चाकांचं अलाइनमेंट वेगळं. आणखी एक गोष्ट. जॅक लावण्याआधी हवालदारांनी एअर सस्पेन्शनचं बटण बंद केलं. नाहीतर गाडी उचलली की ती बिचारी गोंधळून हवा सोडायला लागते.

काम दुपारपर्यंत चाललं. शेवटी हवालदारांनी गवंडी वापरतात ती पाणसळ गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा नेमका मधोमध. "बघा! दिल्लीच्या परेडला न्या आता."

सुमन चढून बसली. पाठ टेकली. "ब्येस वाटतंय," म्हणाली. माझ्या जिवात जीव आला. मी गाडी रस्त्यावर काढली, फर्लांगभर गेलो असेन.

"आवं, थांबा. आता मी मागं पडाय लागले."

"आत्ता तर बरं वाटत होतं!"

"आत वाटत हुतं. हितं न्हाई."

परत वळवली आणि आत पहिल्याच जागी तशीच उभी केली. हवालदारांच्या मिशा ताठल्या. "ताई, पाणसळ खोटं बोलंल व्हय?"

"ती कशाला खोटं बोलंल? पण माझ्या कंबरेला बी इचारा की."

"कंबरंत बुडबुडा नसतोय ताई."

"कंबरंत सळया हायत दोन. डॉक्टरनं बसवल्यात. तुमच्या बुडबुड्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतंय."

हवालदारांनी पुन्हा पाणसळ ठेवली, पुन्हा बुडबुडा मधोमध. आता सुमनच्या डोळ्यांत पाणी दिसलं. तिला वाटलं असावं की दोष गाडीचा नाही, आपल्याच शरीराचा आहे, आणि ते आता कुठल्याच सीटवर सरळ बसणार नाही. ती हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नका त्रास घेऊ. मी काय ते बघते."

तेवढ्यात मागे कुणीतरी चिखलाची जीप धुवायला घेतली. रावसाहेब त्या पाण्याकडे टक लावून बघत होते. उभा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेलेला माणूस. पाणी कुठे निघालंय हे बघितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. पाणी जीपखालून निघालं, आमच्या गाडीच्या मागच्या चाकांना वळसा घालून पुढच्या चाकांकडे आलं आणि रस्त्यालगतच्या गटारात पडलं.

"हवालदार," रावसाहेब म्हणाले, "तुमचं पाणी पळतंय की हो लय जोरात!"

"पळणारच. धुतल्यालं पाणी बाहेर जावं म्हणून उतार ठेवलाय फरशीला."

"व्हय का? मग त्या उतारावर गाडी सरळ उभी केलीसा, तर सपाट रस्त्यावर तिचं तोंड कुठं जाईल?"

मग हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली, फरशीकडे पाहिलं आणि स्वतःच खदाखदा हसले. "आयला, गाडी लेवल केली आन् जमीन तपासायची ऱ्हायली!" सुमनकडे वळून म्हणाले, "ताई, तुमच्या सळया पास. आमची पाणसळ नापास."

सुमन हसली, आणि हसताना तिने पदराने डोळे पुसले.

मग गाडी शेजारच्या वखारीच्या सपाट आवारात नेली. तिथला काँक्रीटचा भाग पाणसळीने आधी तपासला, इंजिन चालू ठेवून मागची उंची स्थिर होऊ दिली, मला आणि सुमनला आत बसवलं आणि मग मोजलं. पहिल्या चकत्या काढून पातळ घातल्या. दुसऱ्यांदा खोलण्याची मजुरी हवालदारांनी घेतली नाही, उलट चहा पाजला. सुमन बसली, पाठ टेकली, डोळे मिटले. आम्ही तिघे म्हातारे दहावीच्या निकालाला उभं राहावं तसे उभे.

"हां," ती म्हणाली. "आता खुर्चीत बसल्यागत हाय."

नंतर चाकांचं अलाइनमेंट केलं आणि पुढचे दिवे खाली करून घेतले. नाक वर आलं की दिवेही वर होतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हे विसरू नका.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. कुसुमने मागे हळद, बेदाणे, भडंग आणि कशाकशाच्या बरण्या भरल्या. निघताना दोघी बहिणी रडल्या नाहीत, याचं मला नवल वाटलं. "पाडव्याला ये," कुसुम म्हणाली. "बघू," सुमन म्हणाली. गाडी वळल्यावर माझ्याकडे न बघता पुटपुटली, "आधी साताऱ्याला तर पोचू दे."

महामार्ग नको म्हणून तासगाव, विटा असा आतला रस्ता धरला. थोडा लांब पडतो, पण वाहनं कमी. तासगावच्या आसपास द्राक्षबागांवर निळसर ऊन साचलं होतं. विट्याच्या पुढे माळ सुरू झाला, बाभळीच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या, आणि गाडी त्यांवरून एकेक चरण ओलांडावा तशी निघाली होती. चरणातला थांबा, यती, नेमक्या जागी येत होता. रस्त्याकडेच्या गाड्यावर रस प्यायलो, आलं-लिंबू घातलेला. "कशी आहे कंबर?" मी विचारलं. "सारखं इचारू नगासा. इचारलं की दुखतीया."

मग मी फक्त रस्त्यावरचे खड्डे बघत राहिलो. पुसेसावळीच्या पुढे एक खड्डा चुकवता आला नाही. दचकून शेजारी पाहिलं, तर सुमन झोपली होती. हात मांडीवर सैल, दारावरची मूठ मोकळी. ऑपरेशननंतर बसल्या जागी तिला झोप लागलेली मी पाहिली नव्हती. रहिमतपूर आलं, गेलं. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. एका म्हशीने रस्ता सोडेपर्यंत नुसता थांबून राहिलो.

साताऱ्यात दारात गाडी लावली तेव्हा उन्हं कलली होती. मी उतरलो, कुलूप काढलं, बरण्या आत नेल्या. बाहेर येऊन तिच्या बाजूचं दार उघडलं तर ती जागी होती, पण उतरत नव्हती. समोरच्या घरातल्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "काय हो सुमनताई, उतरता येईना का? येऊ का धरायला?"

"येतंय की!" सुमन म्हणाली. "पण घाई काय हाय? बरं वाटतंय हितं."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चा हितंच आणा. आन् कुसुमला फोन लावून द्या. पाडव्याला कुठली साडी काढून ठेवू, इचारायचंय."

मी दोन कप घेऊन आलो, तिचा तिच्या हातात दिला आणि पलीकडून जाऊन माझ्या जागेवर बसलो.