दोन शॉक, मागचे

माझ्या नवऱ्याचं मोटारसायकल या वस्तूवर प्रेम बसलं तेव्हा मी शाळेत होते. मी नंतर आले, म्हणून घरात माझा नंबर दुसरा. हे मी भांडणासाठी सांगत नाही, नुसती वस्तुस्थिती सांगते.

त्रेसष्टचं साल असावं. आम्ही मुंबईचे ज्यू, चार वर्षांपूर्वी ज्यूंच्या नव्या देशात आलेलो, येरुहाम या वाळवंटातल्या गावी राहत होतो. दोन खोल्यांचं घर, पुढे वाळू, मागे वाळू, आणि मी रोज झाडून काढायची तीही वाळू. नवरा डोंगराकडच्या खाणीत फिटर. मी बेरशेवा शहरातल्या इस्पितळात नर्स. बस होती, पण ती माझ्या ड्युटीच्या वेळा विचारून सुटत नसे, म्हणून नवऱ्यानं पोलिसांनी मोडीत काढलेली एक इंग्रजी गाडी घेतली. घेतली माझ्यासाठी असं तो सगळ्यांना सांगायचा. रुंद हँडल, बसकी सीट, म्हशीएवढं वजन, आणि आवाज असा की गल्लीतली बाळं उठून रडायला लागायची. टाकी तो रोज पुसायचा. मी नवं झंपर घातलं तर ते त्याला चार दिवसांनी दिसायचं.

गाडीचे मागचे दोन्ही शॉक मेलेले होते. शॉक म्हणजे शॉक अब्सॉर्बर, चाकाला बसलेला दणका बसणाऱ्याला लागू नये म्हणून स्प्रिंगसकट लावलेली नळी. आमच्या नळ्यांतलं तेल कधीच गळून गेलं होतं आणि स्प्रिंगांनी मान टाकली होती. रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट माझ्या माकडहाडाला भेटायला यायचा. एकदा मी इस्पितळात उतरून भिंतीला धरून उभी राहिले, तर मोठ्या नर्सबाईंनी मलाच पेशंट समजून व्हीलचेअर मागवली. त्या दिवशी घरी येऊन मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझे सासरे ते ऐकत खाटेवर बसले होते.

सासऱ्यांचं आता सांगायला हवं. मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात ते मिस्त्री होते, स्प्रिंगा आणि कमानींचे. डब्याखाली बसवलेल्या कमानीवर हात ठेवून ते सांगायचे, ही अजून दोन वर्षं चालेल, ही उद्या मोडेल. त्यांच्या हाताखाली अठरा माणसं. इथे आल्यावर कामाच्या कचेरीनं, म्हणजे लिश्कानं, त्यांच्या हातात फावडं दिलं आणि रोपं लावायला पाठवलं. मुकादम त्यांच्या मुलाच्या वयाचा, त्यांना ‘सबा’ म्हणायचा. सबा म्हणजे आजोबा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण सासरे घरी येऊन हात धुताना म्हणायचे, "माझा नातू आज ओरडला माझ्यावर."

मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते मुंबईला परत जाणार. धाकट्या भावाला पत्र गेलं, भावाचं आलं, अर्ज झाले. आम्ही काय म्हणालो? नवरा म्हणाला, "बाबा, तुमची मर्जी." मी सून. मी मान खाली घालून म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं." आमच्याकडे मोठ्यांना आडवं बोलत नाहीत. मनातून मला ते जायला नको होते. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, माझे आईवडील मुंबईत, आणि या वाळूत माझ्याशी मराठीत भांडायला घरात एवढं एकच शहाणं माणूस होतं. नवरा भांडायचा, पण शहाणं म्हणाले मी.

तर त्या दिवशी माझं तोंड वाजून झाल्यावर सासरे उठले, बाहेर गेले आणि गाडीच्या सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला. गाडी बेडकासारखी वर आली. ते नवऱ्याला म्हणाले, "खाणीत फिटर आहेस ना तू? की तिथे नुसता चहा करतोस?"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बसनं बेरशेवाला गेले, शॉक आणायला. हिब्रू त्यांना प्रार्थनेपुरतं येत होतं. देवाशी ते तासभर बोलू शकत, दुकानदाराशी अर्धा मिनिट नाही. कोपऱ्यावरच्या पोलिसाला त्यांनी विचारलं, "शॉक?" हिब्रूत बाजाराला ‘शूक’ म्हणतात. पोलिसानं बाजाराकडे हात केला. बाजारात त्यांनी एका दुकानात बोटं वर करून सांगितलं, "शॉक, दोन, मागचे," आणि मागचे हे कळावं म्हणून स्वतःच्या मागे थोपटून दाखवलं. हिब्रूत ‘शोक’ म्हणजे तंगडी. आपल्या मराठीत शोक म्हणजे काय ते सांगायला नको. दुकानदारानं टर्कीच्या दोन धष्टपुष्ट तंगड्या कागदात बांधून दिल्या.

आता माणूस काय करेल? हसेल, नको म्हणेल, परत देईल. सासऱ्यांनी त्या घेतल्या. चूक झाली हे परक्या माणसासमोर कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या तंगड्या घेऊन ते बसनं तासभर आले आणि माझ्या ओट्यावर पुडकं ठेवून म्हणाले, "आज म्हटलं जरा बदल करू."

मी रस्सा केला. नारळ नव्हता, तरी बरा झाला. जेवताना नवऱ्यानं विचारलं, "आणि शॉक, बाबा?"

"तेच खातोयस," सासरे म्हणाले.

मी इतकी हसले की मला ठसका लागला. सासरेही हसले. चार वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं, झालं, आता हे कुठे जात नाहीत.

पुढच्या सुट्टीला दोघं बापलेक मिळून भंगारवाल्याकडे गेले. तिथे भाषा लागत नाही. सासऱ्यांनी अपघातांतल्या मोठ्या गाड्यांचे शॉक हेरले. एकेक जमिनीवर उभा करून अंगाचा सगळा भार टाकून दाबला, सोडला, आणि वर येताना किती वेळ घेतो ते पाहिलं. लगेच उसळला तो बाद. सावकाश, आढेवेढे घेत वर आला तो पास. असे बारा दाबून दोन निवडले. भंगारवाला आधी वैतागला, मग स्टूल आणून बघत बसला.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या दारात कारखाना चालला. नव्या शॉकची भोकं जुन्या बोल्टांपेक्षा मोठी, म्हणून सासऱ्यांनी सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं आणि नवऱ्यानं खाणीतल्या लेथवर पितळेची बुशिंगं, म्हणजे भोकात घट्ट बसणारी नळकांडी, कातून आणली. पहिली चार सासऱ्यांनी फेकून दिली. "ही बुशिंगं आहेत की जिलब्या?" असं ते माझ्यासमोर म्हणाले, आणि मी ते पुढची कित्येक वर्षं वापरलं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमधलं तेल काढून जाड तेल भरलं. रोपांवरून आल्यावर ते हात धुवायचे ते थेट गाडीकडे जायला. मुकादमाची गोष्ट निघेनाशी झाली. मी मनात म्हणायची, करा, अजून काढा, सगळी गाडी खोला.

शेवटी शॉक बसले. आता स्प्रिंग लावायची होती. शॉकच्या खाली एक कडी होती आणि तिला तीन खाचा. पहिल्या खाचेवर स्प्रिंग मऊ, हलक्या माणसासाठी. तिसऱ्यावर कडक, जड माणसासाठी. कडी फिरवायला सासऱ्यांनी जुन्या कानशीचा आकड्यासारखा पाना बनवला होता.

मला हाक आली. "पोरी, बस."

मी मागच्या सीटवर बसले. नवरा पुढे. सासऱ्यांनी पोलादी पट्टीनं चाकाच्या मधापासून मडगार्डपर्यंत मोजलं.

"ऊठ."

उठले.

"बस. अशी लोणच्याच्या बरणीसारखी नको, रोज बसतेस तशी बस."

अशा मी वीस तरी उठाबशा काढल्या, भर दुपारी, दारात. समोरची मोरोक्कोची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती. तिनं हिब्रूत विचारलं, तुमच्याकडे हा कुठला सण असतो? मी म्हणाले, सासऱ्यांचा. तिला ते पटलं असावं, कारण ती मान हलवून आत गेली.

मी तेव्हा पंचेचाळीस किलोची होते. यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. सासऱ्यांनी दोन्ही कड्या पहिल्या खाचेवर आणल्या, पट्टी पुन्हा लावली, समाधानानं हुंकार भरला आणि कडीवर छिन्नीनं बारीक खूण केली. नवऱ्याला म्हणाले, "ही खाच हिची. याला हात लावायचा नाही."

मी सहज म्हणाले, "आणि तुम्ही बसाल तेव्हा? तुमचं पोट काय पहिल्या खाचेवर मावणार आहे?" कारण ठरलं होतं की गाडी झाली की ते मागे बसून किर्यात गात या गावी बहिणीकडे जातील.

ते पान्याला फडकं गुंडाळत होते. "मी कुठे बसणार आहे आता," ते म्हणाले. "तिकीट आलंय. पुढच्या बुधवारी."

तिकिटाचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. त्यांच्या खिशात होतं. आठ दिवस हा माणूस रोज माझ्या हातचं जेवत होता, बुशिंगांना जिलब्या म्हणत होता आणि खिशात तिकीट घेऊन फिरत होता. माझा संताप झाला. मी सून आहे, नवरा ऐकतोय, समोर मोरोक्कोची बाई राहते, सगळं विसरले. म्हणाले, "बाबा, जाऊ नका. मला नको आहे तुम्ही जायला. याच्याबरोबर मला एकटीला टाकून कुठे चाललात?"

नवरा टाकी पुसायला लागला. त्याला दुसरं काही सुचत नाही.

सासऱ्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "हे आधी कोणी म्हणालंच नाही मला. सगळे आपले, तुमची मर्जी, तुमची मर्जी. मला वाटलं, जागा अडवून बसलोय." त्यांनी डोळे पुसले, आणि तेलाचा हात असल्यामुळे तोंड काळं झालं. "आता भावाला शब्द दिलाय. खोली रिकामी करून बसलाय तो."

शब्द म्हणजे शब्द. टर्कीच्या तंगड्या परत न करणारा माणूस शब्द काय परत घेणार.

बुधवारी त्यांची ट्रंक सकाळीच खाणीच्या लॉरीतून पुढे गेली. बेरशेवापर्यंत नवरा त्यांना गाडीवर सोडणार होता, तिथून लोदच्या विमानतळाची बस. मला रजा नव्हती, सकाळच्या बसनं मी ड्युटीवर गेले. निघताना मी त्यांच्या पाया पडले, ते म्हणाले, "पाठ नीट ठेव."

संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं. येरुहाम सुटल्यापासून मागची स्प्रिंग तळाला आपटत होती. पहिल्या खाचेवर त्यांचं वजन पेलणारच नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला धाडकन आवाज आणि मागून एक कण्हणं. नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली, तो आकड्याचा पाना काढला आणि म्हणाला, "बाबा, दोन मिनिटांत तिसऱ्या खाचेवर घेतो."

"राहू दे," सासरे म्हणाले. "उद्या तिला बसायचंय. तू परत खाली घ्यायला विसरशील."

आणि बेरशेवापर्यंत ते तसेच बसून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्या सीटवर बसून कामाला गेले. तोच रस्ता, तेच खड्डे. एकही हादरा लागला नाही, आणि मी बेरशेवा येईपर्यंत रडत होते.