दुसरी सही

नाही म्हणायला ओपल रेनिक कधी शिकली, हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. पोटातूनच शिकून आली असावी. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात तिचं गाव. बाप कोळशाच्या खाणीत, दोघे भाऊ खाणीत, आणि पोरीनं मुकाट्यानं एखाद्या खाणकामगाराचा डबा भरावा अशी घरच्यांची इच्छा. एकोणिसाव्या वर्षी ही बया सैन्यात भरती झाली आणि तिथेही टायपिंगचं टेबल नाकारून बॉयलरदुरुस्तीला गेली. बारा वर्षं काढली, सार्जंट होऊन परतली.

जिथे नाही म्हणायला हवं होतं तिथे ती आयुष्यात एकदाच हो म्हणाली. जर्मनीतली छावणी, कडाक्याची थंडी, आणि बराकीचा बॉयलर दुरुस्त करून लगेच पेटवायचा होता. नियम दोन सह्यांचा होता, एक दुरुस्त करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. तपासणारा रजेवर गेलेला. कॅप्टन म्हणाला, "दोन्हीकडे तूच कर गं, पोरं गारठलीत." तिनं केली. सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलेला होता, तो तिच्या नजरेतून सुटला. लन्सफर्ड नावाच्या शिपायाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. तिला कुणी दोष दिला नाही. तिनं मात्र स्वतःला दिला, आणि अजून देते. दर नाताळात ती त्याला कार्ड पाठवते. त्याचं उत्तर येतं ते बायकोच्या अक्षरात.

म्हणून गावी येऊन तिनं स्वतःची बॉयलरदुरुस्तीची कंपनी काढली, तेव्हा कंपनीच्या नियमावलीत सातवं कलम स्वतःच्या हातानं लिहिलं: दुसऱ्या मेकॅनिकनं तपासून सही केल्याशिवाय कुठलाही बॉयलर पेटवून द्यायचा नाही, खुद्द मालकिणीचा हुकूम असला तरी नाही. ही दुसरी सही पंचवीस वर्षं हॉबर्ट टॅकेटची. हॉबर्ट खाणीच्या वर्कशॉपमध्ये घडलेला माणूस. तळपाय सपाट म्हणून सैन्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं.

खाणी एकेक करून बंद पडल्या आणि कामं आटली. राहिलं एकच मोठं काम, पलीकडच्या गावातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळाचे बॉयलर. ते कंत्राट माजी सैनिकांच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांसाठी राखीव होतं. पण कंपनी खरोखर सैनिकाच्याच ताब्यात आहे, अशी सरकारी पडताळणी आधी व्हायला हवी. ते मिळालं तर ओपलच्या सहा माणसांची चूल पेटती राहणार होती, नाहीतर वसंतात दुकानाला कुलूप.

पडताळणीबद्दल तिची तक्रार नव्हती. तिच्याकडेही एक बडा ठेकेदार येऊन गेला होता. "नाव तुझं, काम आमचं, तू घरी बसून आराम कर." त्याला टोपी डोक्यावर ठेवायलाही वेळ न देता तिनं दाराबाहेर काढलं. "असल्या चोरांना पकडायलाच पडताळणी असते. करा म्हणावं, कसून करा," असं म्हणून तिनं सगळे कागद पाठवले.

उत्तर आलं ते वाचून तिचं डोकंच फिरलं. कलम सातमुळे सैन्यात नसलेला एक नोकर मालकिणीचं काम अडवू शकतो. सबब कंपनी तिच्या ताब्यात आहे असं मानता येत नाही. प्रत्यक्ष चौकशीला अधिकारी येईल.

तिचा वकील फोनवर म्हणाला, "ओपल, एक ओळ खोडायची आहे. पाच मिनिटांचं काम."

"मग त्याच पाच मिनिटांत लन्सफर्डचे हात परत आणून दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अधिकारी आला. डेस्मंड फॅरो त्याचं नाव. तिशीचा, टाय लावलेला, आणि आजवर तीन बनावट कंपन्या पकडलेला, त्यामुळे भुवई कायम वर. वर्कशॉपमध्ये त्याच्यापुढे पेपरोनी रोलची, म्हणजे आत मसालेदार मांस भरलेल्या पावांची बशी ठेवली होती, त्या बशीकडे त्यानं बघितलंही नाही. आधी हॉबर्टलाच घेतलं.

"मिस्टर टॅकेट, इथले निर्णय कोण घेतं?"

"ही घेते. आम्ही भोगतो."

"ही तुम्हाला नोकरीवरून काढू शकते का?"

हॉबर्टला हसूच आलं. "तीनदा काढलंय की!"

ओपलनं कपाटातून फाईल काढून पुढे आपटली. तीन पत्रं, तिन्हींवर फक्त तिची सही. पहिलं, गॅसच्या पाईपजवळ सिगारेट ओढल्याबद्दल. दुसरं, गिऱ्हाइकाला तोंडावर गाढव म्हटल्याबद्दल.

"आणि हे तिसरं?"

"तिसऱ्याचं कारण आठवत नाही," ओपल म्हणाली. "पण चूक माझी नव्हती."

"तर तर!" हॉबर्ट म्हणाला.

"परत कुणी घेतलं?"

"मीच. याच्या बायकोचा फोन आला, की हा दिवसभर घरात बसून मला स्वयंपाक शिकवतोय, याला आधी घेऊन जा."

फॅरोनं काहीतरी लिहिलं. "यानं सही द्यायला नकार दिला, असं कधी झालंय?"

मागे काम करत असल्याचं सोंग आणणाऱ्या चौघांनी कान टवकारले. सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती.

"एकदा," ओपल म्हणाली. "शाळेचा बॉयलर. सकाळी शाळा उघडायची होती. पाणी कमी झालं की बॉयलर आपोआप बंद पडायला हवा, तो याच्या तपासणीत पडला नाही. मी म्हटलं, मी सांगतेय ना, कर सही. आरडाओरडा केला, याचा बाप काढला. यानं पेन खिशात घातलं आणि जमिनीवर बसून राहिला."

"मग काढलंत?"

"मुकादम केलं."

फॅरोनं वही मिटली. आता त्याचा आवाज खरोखरच मऊ होता. "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास बसलाय. पण पडताळणी विश्वासावर चालत नाही. कलम काढून टाका, मी आजच तुमच्या बाजूनं अहवाल देतो. नंतर मनात ठेवून पाळा, कोण विचारतंय?"

क्षणभर ओपलनं मागच्या माणसांकडे पाहिलं. दोघांच्या घरी लहान मुलं, एकाची आई अंथरुणाला खिळलेली. मोह झाला, उगाच खोटं का सांगा? जर्मनीतला कॅप्टनही असाच मऊ बोलला होता.

"त्या अहवालाचा छापील नमुना दाखवा बरं," ती म्हणाली. "सही कुणाची?"

"माझी."

"आणि खाली ही दुसरी ओळ?"

"माझ्या वरिष्ठांची."

"का हो? तुम्ही लबाड आहात म्हणून?"

"लबाड कशाला? माणूस आहे, एखादी गोष्ट नजरेतून..." फॅरो थांबला.

"बोला ना साहेब. थांबलात का?"

हॉबर्ट छताकडे बघत होता. फॅरोचे कान लाल झाले. बराच वेळ त्यानं नियमावली उलटसुलट केली आणि मग म्हणाला, "हे कलम रद्द करायचं ठरवलं तर कुणाची परवानगी लागते?"

"कुणाची लागणार? मी लिहिलंय."

"तेवढंच कलमाखाली लिहा. कार्यालयाला ते पुरेल, यासाठी मी भांडेन."

तिनं पेन घेतलं. 'मालकिणीला हे कलम एकटीच्या अधिकारात केव्हाही रद्द करता येईल.' पूर्णविराम दिला, थोडी थांबली आणि पुढे लिहिलं, 'पण ती ते करणार नाही.'

"हे शेवटचं वाक्य गरजेचं नाही," फॅरो म्हणाला.

"तुम्हाला नसेल."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, कागद बॅगेत ठेवला आणि जाता जाता बशीतला एक रोल उचलला.

सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर दोन सह्या होत्या.

कंत्राटही मिळालं. ऑक्टोबरात इस्पितळाचा पहिला बॉयलर दुरुस्त झाला, तेव्हा बाहेर हिम भुरभुरायला लागलं होतं. ओपलनं सही केली आणि कागद हॉबर्टपुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला आणि पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. इस्पितळाचा व्यवस्थापक पाय आपटत उभा होता. तासभर झाला तरी हॉबर्टचं आपलं चालूच.

"अहो, वॉर्डात माणसं कुडकुडतायत!" व्यवस्थापक शेवटी ओरडला. "पेटवा म्हणा ना त्याला! कंपनीची मालकीण तुम्हीच ना?"

ओपलनं हाताची घडी घातली.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच थांबलेय."