बत्तीस झाडांची कबुली द्यायला तळेगावला

सिंदी (रेल्वे) ते तळेगाव (श्यामजी पंत) हे अंतर फार नाही. मला ते कापायला दोन वर्षं लागली.

झालं असं. टाळेबंदीत लेकीनं माझ्या मोबाइलमध्ये शेतीचा गेम टाकून दिला. किराणा दुकानात बसून मी पडद्यावर वांगी लावू लागलो. तिथं शेजारच्या शेताचे मालक भेटले, तळेगावचे वसंतराव. हे गृहस्थ खरे संत्रा बागायतदार. दिवसभर बागेत राबायचे आणि संध्याकाळी मोबाइलमध्ये पुन्हा संत्रीच लावायचे. रोज लिहून गप्पा व्हायच्या, भेट मात्र कधी नाही. एकदा लग्नकार्यासाठी ते आठ दिवस बाहेर गेले आणि मोबाइलमधल्या बागेचा पासवर्ड मला देऊन गेले. "फक्त पाणी घालजा, सेठ."

आता, संत्र्याला बहर यावा म्हणून आधी काही दिवस पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वाटलं, आपणही जरा हुशारी दाखवावी. पाणी बंद केलं. गेमला ताण वगैरे ठाऊक नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस झाडं वाळून काडी झाली. वसंतरावांनी विचारलं तेव्हा मी लिहिलं, "गेममध्येच काई बिघाड झाला वाटते." त्यानंतर आठवडाभर ते येत राहिले, मग दिसेनासे झाले.

मागच्या महिन्यात त्यांच्या नावापुढे पुन्हा हिरवा ठिपका दिसला. मी राम राम लिहिलं. उत्तर आलं, "तोंड दाखवाले या. मंग बोलू." यात आमंत्रण किती अन् धमकी किती, काही उमगेना.

"जा, अन् खरं सांगून टाका," बायको म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं. तो फोन वाजला का तुम्ही दचकता."

सकाळच्या गाडीनं वर्धा, तिथून एसटीनं आर्वी, आर्वीहून दुसरी एसटी. पासष्टी ओलांडली असेल तर अर्धं तिकीट, पण आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. माझं पिशवीच्या तळाशी, भेट म्हणून नेलेल्या दोन किलो तूरडाळीखाली होतं. मी डाळ उपसू लागलो तसा कंडक्टर म्हणाला, "राहू द्या काका, तोंडावरूनच समजते." आर्वीला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री बेतानं मागा; पुढच्या बसमध्ये पाण्याची सोय नसते. फेब्रुवारीत जात असाल तर आर्वी सुटल्यावर खिडकी उघडी ठेवा. संत्र्याच्या फुलांचा वास आत येतो. लोक म्हणतात, जीव हरखतो. मी कबुलीचं पहिलं वाक्य जुळवत होतो, त्यामुळे नीट सांगता यायचं नाही.

वसंतराव स्टँडवर आले होते. मी धिप्पाड माणूस धरून चाललो होतो. निघाले माझ्या खांद्याएवढे.

"या बागवान," एवढंच म्हणाले.

घरी वहिनींनी पाटोडीचा रस्सा केला होता. "हेच का ते, झाडं मारणारे?" त्यांनी वाढता वाढता विचारलं.

"हेच. पाणी इचारजो त्याइले," वसंतराव म्हणाले. "ते सोता कोनाले पाजत नाईत."

मी तीन पोळ्या खाल्ल्या. अपराध्याला भूक लागत नाही म्हणतात, ते खरं नाही.

जेवणानंतर बागेत गेलो. झाडं फुलांनी पांढरी झालेली. तिथं मात्र जुळवलेलं वाक्य आठवेना, म्हणून सरळच बोललो. "वसंतराव, गेम नोता बिघडला. मीनंच पाणी तोडलतं."

"मालूम हाय. बाजूची तुमची वांगी हिरवीगार होती. बिघाड काय माह्याच वावराच्या धुऱ्यापासून सुरू झाला?"

"मंग तवाच काऊन नाई बोलले?"

"झाडं काय, मोबाइलची होती. तुमी खोटं बोलले, ते लागलं. म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन." त्यांनी एक पान उलटं करून पाहिलं. "ताण देनं म्हंजे पाणी तोडून दुकानात जाऊन बसनं नाई, सेठ. रोज येऊन पान पाहा लागते. एक दिवस उशीर झाला का झाड गेलं."

मी मान हलवली. त्यांनी ते पान सोडून दुसरं उलटं केलं.

"मीबी एकदा सिंदीले येऊन पाह्याले पाह्यजे होतं," शेवटी म्हणाले.

परत निघताना त्यांनी तूरडाळ ठेवून घेतली आणि पिशवी संत्र्यांनी भरली. रात्रीच्या जेवणाला मी घरी होतो. एका दिवसात आरामात होतं. मुक्काम लागत नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. चार दिवसांपूर्वी वसंतरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस मोबाइलकडे पाहायचं नाही. त्यांनी गेममध्ये नव्यानं बारा झाडं लावली आहेत आणि पासवर्ड मला सांगितला आहे. आता रोज सकाळी फोन येतो.

"घातलं पाणी?"

"घातलं."

"वहिनीले द्या फोन."

बायको चष्मा लावून बाराही झाडं मोजते आणि साक्ष देते. मग फोन माझ्याकडे परत येतो, अन् गिऱ्हाइकाला थांबावं लागतं.