अनवाणी सभासदाची अर्धी कॉफी

माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, यांच्याइतका न्यायी माणूस साऱ्या बंगळुरात झाला नाही. आणि त्यांच्या न्यायापायी जितक्या लोकांची गैरसोय झाली, तितकी कुठल्या अन्यायी माणसानंही केली नसेल. घरी फणस फोडला की भावजी गरे मोजून वाटत, आणि ज्याच्या वाट्याला लहान गरे येत त्याला भरपाई म्हणून जास्तीच्या आठळ्या देत. एका लग्नात तूप दरवेळी पंगतीच्या एकाच टोकाकडून येतं हे पाहून त्यांनी वाढप्याला दुसऱ्या खेपेला उलट्या टोकाकडून यायला लावलं. घरी परतताना बसमध्ये त्यांच्या ध्यानात आलं, की मधोमध बसलेल्याला दोन्ही खेपांना तूप उशिराच मिळालं. त्या गृहस्थांचा पत्ता शोधून भावजी दुसऱ्या दिवशी बसवनगुडीतून थेट गावाच्या पलीकडच्या शिवाजीनगरला माफी मागायला गेले. गृहस्थांना तूप वर्ज्य होतं.

असा माणूस आमच्या हौशी धावमंडळाचा चिटणीस झाला, कारण शिट्टी त्यांच्याकडे होती. स्वतः ते कधी धावत नसत. सुटलेल्या बसमागंही नाही. ‘ती आपली नव्हे, मागच्या थांब्यावरच्यांची’ म्हणून सोडून देत. आम्ही दहा-बारा जण पहाटे लालबागेला वळसा घालून यायचो आणि भावजी एका हॉटेलच्या पायरीवर कोट, टोपी, बूट अशा थाटात उभे असत. महिना रुपया वर्गणी, आणि धावून आल्यावर मंडळाच्या खर्चानं एक कॉफी हा लाभ, इतका सरळ कारभार होता.

आमच्यात खरा धावणारा एकच, मारुती. निपाणीकडून आलेला, कापडगिरणीत कामाला. बाकीचे आम्ही कचेरीतले, पोट कमी करायला आलेले. तो अनवाणी धावायचा, आणि आम्ही अर्ध्या वाटेवर असताना परत येऊन भावजींशी गावाकडच्या गप्पा मारत बसायचा. त्या अर्ध्या तासासाठीच हे पहाटे उठतात, असं अक्का म्हणायची, आणि ते खरं होतं.

एकदा मारुती आठवडाभर आला नाही. भावजी गिरणीच्या दारात जाऊन उभे राहिले. कळलं ते असं, की त्याच्या बहिणीचं लग्न निघालं होतं, पगार सगळा गावी जात होता आणि वर्गणी राहिली होती.

“राहू दे की वर्गणी,” भावजी म्हणाले, “तू सुम्ने, नुसता ये.”

“फुकटची काफी नको बघा अण्णा. घशाखाली उतरायची नाही.”

भावजी घरी आले ते विचार करतच. मारुती मंडळात राहायला हवा आणि त्याची मानही खाली जायला नको, या दोन्ही गोष्टी त्यांना एका नियमात बसवायच्या होत्या. दोन दिवस ते कागदावर नियम लिहीत आणि खोडत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मारुतीसकट सगळ्यांना बोलावून सभा भरवली.

“बूट घालून धावणारा रस्ता झिजवतो,” त्यांनी मांडणी केली. “अनवाणी धावणारा स्वतः झिजतो. दोघांना एकच वर्गणी, हा कुठला न्याय? अनवाण्यांना यापुढं अर्धी.”

दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ अनवाणी हजर. आमचे हेडक्लार्कसुद्धा. दोघांना काटे लागले, हेडक्लार्क शेणात घसरले, आणि मी अंगठा असा ठेचून घेतला की आठवडाभर कचेरीत लंगडत गेलो. इकडे निम्म्या वर्गणीत सगळ्यांच्या कॉफ्या बसेनात. म्हणून भावजींनी लगेच पोटनियम केला: अर्धी वर्गणी त्याला अर्धा लाभ, म्हणजे दोघांत एक कॉफी, बाय टू. आठवड्याभरात सगळे पुन्हा बुटात आले. अनवाणी राहिला एकटा मारुती.

आणि तिथंच घोडं अडलं. बाय टूला दोघं लागतात. हॉटेलचे मालक म्हणाले, “अर्धी काफी आम्ही करत नाही, स्वामी. दुसरा माणूस आणा.” मी पुढे झालो, तर पूर्ण वर्गणीवाल्यानं अर्धी कॉफी घेणं हा माझ्यावर अन्याय होईल म्हणून भावजींनी मला अडवलं. मारुतीला पूर्ण कॉफी द्यावी, तर तोच ऐकेना. नेम म्हणजे नेम, माझी अर्धीच, म्हणायचा. दोन दिवस तो तसाच गिरणीत गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “माझ्यापायी तुमची अडचण नको अण्णा. उद्यापासून येत नाही.”

भावजी मटकन पायरीवर बसले. मग त्यांनी बुटाचे बंद सोडले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि टोपी काढून माझ्या हातात दिली. “स्वल्प धर, जरा वेळ,” म्हणाले, आणि कोटासकट धावायला लागले.

ते धावणं काय वर्णावं! समोरून गाय आली की थांबून तिला आधी वाट देत होते. मारुती त्यांच्या शेजारून चालत होता, कारण तितकं सावकाश धावणं त्याला जमत नव्हतं. तासाभरानं दोघं परतले तेव्हा भावजी धापा टाकत होते. त्यांनी मालकांपुढं दोन बोटं धरली. एका कॉफीचे दोन अर्धे ग्लास आले. भावजींनी ते डोळ्यांसमोर धरले, यातली थोडी त्यात ओतून पातळी अगदी सारखी केली आणि एक मारुतीपुढं सरकवला. आम्ही सगळे उगाचच रस्त्याकडे पाहत राहिलो.

पुढे कित्येक वर्षं भावजी अनवाणी धावले. मारुतीच्या बहिणीचं लग्न झालं, त्याला गिरणीत बढती मिळाली, पूर्ण वर्गणी आता जड नव्हती. पण त्यानं बूट काही घेतले नाहीत. “मी बूट घातले तर अण्णांची काफी अडंल की,” तो मला हळूच म्हणाला. भावजींना विचारलं, तर तेही मारुतीबद्दल हेच म्हणाले.

भावजी गेले त्यानंतर महिन्याभरानं मंडळ पुन्हा सुरू झालं, आणि मी धावून आलो, तर मारुती टेबलाशी एकटाच बसला होता. मालकांनी सवयीनं दोन ग्लास ठेवले होते आणि त्यानं एकालाही हात लावला नव्हता. मला भावजींची फार आठवण आली. मी पायरीवर परत गेलो, बूट काढले आणि त्याच्यासमोर येऊन बसलो. कॉफी कमीजास्त पडली होती. मारुतीनं आपल्यातली थोडी माझ्या ग्लासात ओतली, मग माझ्यातली थोडी परत घेतली, पुन्हा ओतली, पण पातळी काही जुळेना.

“अण्णांना जमायचं बघा,” तो म्हणाला. मग आम्ही ती तशीच प्यालो. तोवर ती पार निवून गेली होती.