बांधलेल्या माणसाला मारत नाहीत

पूर्णेहून आमच्या शाळेच्या गावाला सकाळी एकच बस आहे. ती चुकली की काळीपिवळी जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. नोकरीची सगळी वर्षं मी अशीच गेले-आले. नववीला इतिहास शिकवते.

गेल्या वर्षी परभणीला आमचं एक प्रशिक्षण झालं. युद्धाचे कायदे आणि माणसाचा सन्मान, हे मुलांना कसं शिकवायचं, असा विषय. मनात आलं, कापूस-सोयाबीनच्या रानात कुठलं युद्ध येतंय? पण शिकवायला घेतलं.

युद्धालाही नियम असतात म्हटल्यावर वर्ग हसला. "मॅडम, मारायलाच गेलेत तर नियम कशाला?" मी सांगितलं, जखमी असेल, शरण आला असेल, पकडला गेला असेल, त्याला मारायचं नाही. पाणी द्यायचं, जखम बांधायची.

कबड्डीच्या संघातली एक उंच पोरगी होती. ती उठून म्हणाली, "मॅडम, म्हंजे बाद झालेल्याला कुणी धरत न्हाई, तसं?"

"तसंच."

"त्यानं आपली माणसं मारली असली तरी?"

"तरी. न्याय कोर्ट करील. आपण नाही."

हे मी टेबलाला टेकून, हातातला खडू झटकत म्हणाले. इतकं सोपं होतं ते म्हणणं.

थंडीच्या सुरुवातीला मोबाइलवर यायला लागलं की पोरं पळवणारी टोळी फिरायलीय. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर आया उभ्या राहू लागल्या. मीही मधल्या सुट्टीत पूर्णेला फोन करून माझी लेक शाळेतच आहे ना, विचारायची. खोटं असेल असं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

त्याच दिवसांत एका दुपारी शाळा सुटल्यावर मी स्टँडपलीकडं राहणाऱ्या काही मुलींबरोबर स्टँडकडे चालले होते. त्यांत ती कबड्डीवाली उंच पोरगीही होती. खताच्या दुकानापुढं माणसं जमली होती. मधे एक माणूस मातीत बसलेला. हात मागं, बैलाच्या दाव्यानं बांधलेले. भुवई फुटून रक्त गालावर आलं होतं. तो काहीतरी बोलत होता, ती भाषा कुणालाच कळत नव्हती. त्याची पिशवी पुढ्यात उलटी केली होती. एक पांघरूण आणि बिस्किटाचे पुडे.

"बघा, पोरांना द्यायला बिस्किटं आणलेत!" कुणीतरी ओरडलं, आणि काठी पडली. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, माणसाच्या पाठीवरचा.

मी मागंच थांबले. पर्समधून फोन काढून पोलिसांचा नंबर लावला. कसाबसा लागला. गावाचं नाव सांगितलं, दुकान सांगितलं. मान वर केली तर ती पोरगी माझ्याशेजारी नव्हती.

ती गर्दीत, त्या माणसाच्या पुढं उभी होती. समोर काठी घेतलेला तिचा सख्खा चुलता.

"काका, आता मारू नका. बांधलंय त्याला."

"बाजूला हो! तुझ्या भावाला नेलं असतं मग?"

"मग पोलिसाला द्या. बांधलेल्या माणसाला मारत न्हाईत."

तिचा आवाज फाटला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हिला कुणी शिकवलंय हे?"

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं.

जन्मात मी तेवढी कधी भ्याले नाही. पुढं गेले ते धाडस म्हणून नाही. माझी विद्यार्थिनी त्या काठीखाली उभी होती, आणि तिला तिथं माझ्या शब्दांनी नेलं होतं. "मी शिकवलं," असं म्हणाले, पण गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले. तिच्या शेजारी उभी राहिले. बाकीच्या मुली आल्या आणि एकमेकींचे हात धरून त्या माणसाभोवती उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते. एक दगड आला, माझ्या डब्याच्या पिशवीवर आदळला.

"दगुड मारू नका रे, पोरी हायेत!" हे तिचा चुलताच ओरडला. काठी मात्र त्यानं खाली ठेवली नाही.

जमलेल्यांत आपसातच भांडणं सुरू झाली. तेवढ्यात त्या पोरीनं दप्तरातली बाटली काढून त्या माणसाच्या तोंडाला लावली. त्याचे दात प्लास्टिकवर कडकड वाजत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पोलिसांची जीप आली.

तो माणूस कामाच्या शोधात निघालेला, पूर्णेला चुकून उतरलेला, वाट विचारत चाललेला होता. पोलिसांकडून गावात हे कळलं.

दुसऱ्या दिवशी पोरीचा बाप शाळेत आला. ट्रॅक्टर चालवतो. मला वाटलं, आता आवाज चढणार. तो उभाच राहिला.

"मॅडम, तुमी शिकवलं ते चूक न्हाई. पण त्यो दगुड तिच्या डोस्क्यात बसला असता तर?"

मी खुर्ची पुढं केली.

"रात्री जेवली न्हाई ती. तुमचं ऐकते. तिला सांगा, पुन्हा पुढं जाऊ नको."

"एकटी जाऊ नको, एवढं सांगते," मी म्हणाले. त्याचं समाधान झालं नाही. मान हलवून गेला.

यंदा तो पाठ पुन्हा घेतला. आता मी आधी सांगते: पोलिसांना फोन करा, मोठ्या माणसांना हाका मारा, एकट्यानं मधे पडू नका. मग नियमांवर येते. पोरं पूर्वीसारखीच हसतात.

ती पोरगी दहावीत आहे. मागच्या महिन्यात एकदा म्हणाली, "मॅडम, त्या दुकानापुढून जाताना अजून ती काठी दिसते."

"मलाही," मी म्हणाले.

तिनं असं म्हटल्यापासून आम्ही दोघी दवाखान्याच्या मागून वळसा घालून स्टँडला जातो.