तीन तारे दिसेपर्यंत

सुरतेबाहेर भेस्तानच्या पुढे, डाइंग मिलची भिंत संपते तिथून आत वळलं की चिकूच्या झाडांमागे आमचा दवाखाना होता. दवाखाना आपलं म्हणायचं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकी एक लांब ओसरी, तिच्यावर ओळीने खाटा आणि सगळ्यांना सांभाळणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. मला टीबी झाल्यावर पोरीच्या वडिलांनी तिथे आणून सोडलं. पोरगी दोन वर्षांची. उधन्याच्या खोलीत आम्ही सगळे एकाच सतरंजीवर झोपायचो, म्हणून मला आणलं हे कळत होतं. तरी त्यांची सायकल वळली तेव्हा वाटलं, टाकून दिलं.

बाई मराठीत बोलल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. आडनावाला शेवटी 'कर', बोलणं कोकणातलं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्या दिवा लावत, आणि मग शनिवार संध्याकाळपर्यंत चुलीला, पैशाला, पेनाला हात लावत नसत. मला वाटलं, साडेसाती असेल. शाळा चौथीत सुटलेली, पण शनीचं सगळं मला माहीत होतं. एकदा धीर करून म्हटलं, "बाई, मारुतीला तेल वाहत जा, उतरेल लवकर."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, आम्ही ज्यू. आमची ही साडेसाती पिढ्यान्‌पिढ्यांची. गावाकडे आमचे तेलाचे घाणे, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. घाण्याचा बैलसुद्धा शनवारी मोकळा."

त्या जागेची गोष्टही त्यांनीच सांगितली. त्यांच्या धर्माचा एक व्यापारी फार पूर्वी बगदादकडून सुरतेला आलेला. त्याची बायको खोकून खोकून गेली. शेवटच्या महिन्यांत तिला ठेवायला शहरात कुणी खोली देईना. मग त्याने ही बाग धर्मादाय करून टाकली. आलेल्याची जात विचारायची नाही आणि फाटकाला कुलूप घालायचं नाही, एवढीच अट. एके काळी खाटा पुरत नसत, माणसं झाडांखाली गाद्या टाकत. पुढे ज्यू घरं एकेक करून इस्रायलला गेली. बाईंची मुलंही गेली. मी आले तेव्हा अर्ध्या खाटांना गाद्याच नव्हत्या, नुसत्या लोखंडी पट्ट्या. रात्री वारा सुटला की त्या करकरायच्या आणि वाटायचं, कुणीतरी कूस बदलतंय.

त्या वर्षी गणपती बुडाले आणि दोन-चार दिवसांत एके सकाळी मिलचा भोंगा वाजला नाही. दूधवाला फाटकापाशी बरणी ठेवून आत न येताच निघून गेला. शहरात प्लेग आलाय, खोकल्यातून पसरतो, असं कळलं. आणि आम्ही तर सगळे खोकणारेच. दुपारी रस्त्यावर माणसं तोंडाला रुमाल बांधून आमच्याकडे बघत उभी राहिली. शुक्रवारी सकाळी पाहिलं तर फाटकाबाहेर बाभळीच्या फांद्या रचलेल्या. बाईंनी त्या ओढून बाजूला केल्या, हाताला रक्त आलं. संध्याकाळपर्यंत बहुतेक आजारी आपापल्या माणसांबरोबर निघून गेले होते.

शनिवारी दुपारी पोरीचे वडील आले. तोंडाला माझ्याच साडीचा तुकडा बांधलेला.

"चाल, निंघ," ते आमच्या अहिराणीत म्हणाले. "पोर स्टेशनवर मन्ही मायजवळ रडी ऱ्हायनी. अख्खी वस्ती निंघी गई."

गावाकडच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळाल्या नसत्या. त्यांनी बाईंकडे चिठ्ठी मागितली.

"आज शनवार," बाई म्हणाल्या. "आभाळात तीन तारे दिसले की शनवार संपतो, मग लिहून देते."

"लोक मरून राहिलेत आन तुम्ही तारे मोजा. गाडी काय ताऱ्यांसाठी थांबणार आहे?"

बाई वळल्या. मला हाताला धरून आत नेलं, जिथे रोज सकाळी तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून गोळी खरंच गिळली का बघत, त्या टेबलापाशी. म्हणाल्या, "जिवासाठी शनवार मोडता येतो. मी मोडलेलाही आहे. आत्ता लिहीन. पण तुझ्या थुंकीत अजून जंतू आहेत. गाडीत पोरगी तुझ्याच मांडीवर बसेल, घरी तुझ्याच कुशीत झोपेल. इथे राहिलीस तर उद्या काय होईल ते मलाही माहीत नाही, खोटं सांगत नाही. कुणाच्या जिवासाठी मोडू, ते तू सांग."

मला भीती वाटत होती ती मरायची नाही. अनोळखी गावात मरायची वाटत होती, जिथे माझं नाव घेऊन रडायलाही कुणी नाही. पोरीच्या जावळाचा वास आठवला आणि पाय निघेना. मग तोच वास आठवून मी म्हटलं, "नका लिहू."

बाहेर येऊन सांगितलं तेव्हा पोरीचे वडील माझ्याकडे बघतच राहिले. "येडी व्हयनी का?" म्हणाले. पण आवाज चढला नाही. कदाचित हेच ऐकायचं होतं त्यांना. मी कधी विचारलं नाही. त्यांनी तोंडावरचा तुकडा नीट बांधला आणि सायकलवर टांग टाकली.

नंतरचे दिवस नुसत्या शांततेचे. ओसरीवर आम्ही दोन-तीनच जणी, रस्त्यावर जंतू मारायच्या पावडरीचे पांढरे पट्टे. बाई सकाळी गोळ्या देत, मग फाटकापर्यंत जाऊन फांद्या काढत. रोज नव्या असत. कुणी रचत होतं ते कधी दिसलं नाही. गावाकडून निरोप नव्हता. गाडी पोचली का, पोरगी कशी आहे, काही कळायला मार्ग नव्हता. रात्री कुत्री भुंकली की मी उठून बसायची. आमच्या ओसरीवर प्लेग आला नाही. का आला नाही, देव जाणे.

दिवाळी झाल्यावर माणसं गाड्या भरभरून परत आली. पोरीला घेऊन तिचे वडील आले. ती त्यांच्या पायामागे लपली.

"बरंय," बाई म्हणाल्या. "थुंकी साफ येईपर्यंत लांबच राहू दे."

मी ओसरीच्या या टोकाला, ती त्या टोकाला पायरीवर. माझ्याकडे एकटक बघत शेव खात होती. आणि एकदम खोकली.

 बाईंनी तिला पाणी पाजलं, झबलं वर करून पाठीला कान लावला. बराच वेळ तसाच लावून ठेवला. मग मान वर करून म्हणाल्या, "शेव तिखट आहे."