चढावरचं पाणी

सकाळी तुमच्या नळाला पाणी येतं, ते कुणाचा नळ थांबवून येतं, हे तुम्ही कधी विचारलंय?

मीही विचारलं नव्हतं. ज्यांना ते ठाऊक होतं, ते रोज पहाटे साडेपाचला विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, रस्त्यातल्या चेंबरवर वाकलेले असत. छातीइतकी उंच लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची, दोन वेढे द्यायचे आणि दांड्याला उजवा कान लावून डोळे मिटायचे. "अजून हवाच हाय. थांबा," असं ते कुणाकडेही न बघता म्हणत. त्या कानाच्या पाळीवर गंजाचा तांबूस डाग कायमचा बसला होता.

सगळे त्यांना वॉलमन म्हणत. मी काका म्हणायची.

एकाच पाइपातून आधी आमच्या सोसायटीला आणि नंतर मागच्या टेकाडावरच्या वस्तीला पाणी मिळायचं. कागदावर दोघांना एकेक तास. काका आमचं पाणी चाळीस मिनिटांत बंद करत आणि उरलेली वीस मिनिटं वस्तीला देत. आमच्या टाक्या तोवर भरलेल्या असत. त्या वीस मिनिटांत आमच्याकडे काय झालं असतं, तर पाइप लावून गाड्या धुतल्या गेल्या असत्या आणि सोसायटीतल्या देवळाचं अंगण.

"काय हो वॉलमन, तुमचं घड्याळ पुढे की आमचं मागे?" एकदा देवळाच्या चिटणिसांनी फाटकातून विचारलं.

"घड्याळ बरोबर हाय. तुमची टाकी भरलीय."

"टाकीचं आम्ही बघू."

"बघा की. वाहतीय."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये विचारवर्ग घेतात. माणसाची नीती देवाकडून येत नाही, विवेकातून येते, हा त्यांचा आवडता विषय. या विषयावर मला पत्रक लिहायचं होतं, म्हणून एका पहाटे मी वही घेऊन काकांसमोर उभी राहिले.

"काका, तुम्ही देव मानता?"

"मानतो की. पण त्यो पाणी सोडायला येत न्हाई."

"मग वस्तीला जास्त वेळ का देता? पुण्य म्हणून? की त्यांचा हक्क म्हणून?"

त्यांनी कान दांड्यावरून उचलला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गात झोपून उठले होते. "ताई, तिकडं चढ हाय."

मी अजून काही येईल म्हणून थांबले. त्यांनी पुन्हा दांड्याला कान लावला. हे उत्तर पत्रकात बसेना, म्हणून मी ते गाळलं. आज त्या पत्रकाची प्रत हातात आली की किळस येते. आठ पानं नीतीवर, आणि चढ कुठेच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात देवळाची समिती आणि विचारवर्ग पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. एरवी देवळाच्या भोंग्यावरून यांचा एकमेकांना नमस्कारही बंद होता. विषय होता आपल्या तासातली वीस मिनिटं. अर्ज मी लिहावा असं ठरलं. "तुझी भाषा धारदार आहे," बाबा म्हणाले. आणि मी लिहिला, अभिमानाने लिहिला. 'एका माणसाच्या मर्जीवर पाणी वाटलं जाता कामा नये. नियम सर्वांना सारखा हवा.' मी तोवर एकदाही टेकाड चढले नव्हते.

चिटणिसांना त्यात 'ज्याचं त्याला देणं हाच धर्म' हे वाक्य हवं होतं. बाबांनी ते खोडलं आणि 'समता हे नागरी मूल्य आहे' असं घातलं. त्यावर अर्धा तास खडाजंगी झाली. न्याय धर्मातून येतो की संविधानातून, यावर आवाज चढले, चहा निवला. शेवटी दोन्ही वाक्यं ठेवली आणि दोन्ही पक्षांनी खाली सह्या केल्या. वीस मिनिटं परत घ्यायची, यावर मात्र एका शब्दाचाही वाद झाला नाही.

अर्ज पाणीपुरवठा खात्यात गेला आणि काकांची बदली कात्रजकडच्या पंपघरात झाली. शहराचं हे टोक सोडून ते टोक. शेवटच्या दिवशी ते फाटकाशी थांबले.

"अर्ज तुमीच लिवला म्हनं. साहेबांनी दावला. अक्षर चांगलं हाय."

मी फाटकाची कडी उगाच काढली आणि पुन्हा लावली.

"वरच्या नळाला कधी हात लावलाय, ताई?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, चावी खांद्यावर टाकली आणि निघून गेले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने मी वर गेले. वस्तीतला शेवटचा नळ शालनबाईंच्या दाराशी आहे. नव्या वॉलमनने खाली घड्याळ बघून आमचा तास पूर्ण केला आणि वरचा सुरू केला. नळ फुसफुसू लागला. मी हात धरला. पंचवीस मिनिटं हातावर नुसती हवा येत होती. मग करंगळीएवढी धार आली. शालनबाईंचे दोन हंडे भरून कळशी अर्धी झाली आणि पाणी गेलं. मागे सात बायका रिकाम्या भांड्यांनिशी उभ्या होत्या.

"सोसायटीच्या ना तुम्ही?" शालनबाई म्हणाल्या. "येळ सारखी करून दिलीत. मिळाली बरं का, सारखी मिळाली. आता ती हंड्यात कशी भरायची तेवढं सांगून जा."

मी खाली आले आणि वस्तीची वीस मिनिटं परत द्यावीत असा दुसरा अर्ज लिहिला. चिटणीस म्हणाले, "त्यांच्या नशिबाला आपण काय करणार?" बाबा म्हणाले, "एक अपवाद केला की तत्त्व संपतं." एकाचा देव, दुसऱ्याचा विवेक, आणि दोघांच्या गाड्या लखलखीत. बाबांबरोबर जेवणाच्या टेबलाशी मी हल्ली बसत नाही.

नवा वॉलमन वाईट माणूस नाही. तो नियमाने येतो, नियमाने जातो. दांड्याला कान मात्र लावत नाही.

दुसऱ्या अर्जावर अजून माझ्या एकटीचीच सही आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तिच्याखाली तुमची सही करू नका. माझ्या शब्दांनी काय केलं ते तुम्ही वाचलंत. उद्या पहाटे तुमच्या लाइनीवरचा शेवटचा नळ शोधा. तो बहुधा चढावर असेल. त्याच्याखाली हात धरा आणि हवा संपेपर्यंत तिथून हलू नका. मग खाली या आणि तुमच्या सोसायटीची वीस मिनिटं सोडून द्यायचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहा.